ढालीवरची खूण

“यात तुमचे असे काय आहे?”

हा प्रश्न मला गेल्या वर्षी एका आंतरमहाविद्यालयीन प्रदर्शनाच्या दारात विचारला गेला. विचारणारे गृहस्थ सज्जन होते आणि प्रश्नही त्यांनी हसतमुखानेच विचारला. माझ्या हातात बुटांचे खोके होते. त्यात कापसावर निजवलेले सहा रोमन शिपाई होते, प्रत्येकाची उंची जेमतेम तीन सेंटिमीटर, आणि प्रत्येकाच्या हातात करंगळीच्या नखापेक्षा थोडीच मोठी अशी लांबट ढाल. त्या सहा ढालींवरची नक्षी काढण्यात माझ्या तीन आठवड्यांच्या रात्री गेल्या होत्या. गृहस्थांनी एक शिपाई उचलला, चष्मा कपाळावर चढवला, ढाल डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाले, “काम बारीक आहे, शंका नाही. पण मूर्ती तुम्ही घडवलेली नाही, ती विलायती कारखान्यातून आली. चिन्ह तुम्ही कल्पिलेले नाही, ते पुस्तकातून आले. मग यात तुमचे असे काय आहे?” आणि माझे शिपाई चित्रकला विभागाऐवजी छंदांच्या टेबलावर, काडेपेट्यांच्या छापांच्या संग्रहाशेजारी जाऊन उभे राहिले.

काडेपेट्यांवर माझा राग नाही. तो संग्रह खरोखर देखणा होता. पण त्या प्रश्नाला तेव्हा मला उत्तर सुचले नाही, ते वर्षभराने या पानांतून देत आहे. ते थोडे लांबले आहे, याबद्दल संपादकांनी क्षमा करावी.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी चार शब्द. टेबलावर डोंगर, नदी, गाव यांची प्रतिकृती मांडायची, दोन्ही बाजूंनी इवलेसे शिपाई उभे करायचे, फूटपट्टीने अंतर मोजत ते पुढे न्यायचे आणि चकमकीचा निकाल फाशांवर सोडायचा, असा हा युद्धखेळ. त्याचा उगम मुलांच्या खोलीत नसून प्रशियाच्या लष्करात आहे. राइसवित्झ नावाच्या बापलेकांनी तो रचला. मुलाने १८२४ मध्ये त्याचे नियम छापले आणि प्रशियाच्या सैन्याने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी तो उचलला. तिथे नकाशावर सरकवायचे ते लहान ठोकळे होते, एका पक्षाचे तांबडे, दुसऱ्याचे निळे, आणि ठोकळ्यावर खूण : हे पायदळ, हे घोडदळ, हा तोफखाना. माणसाचा आकार नव्हताच. गंमत पाहा, या खेळात शिपाई नंतर आला, खूण आधी आली! पुढे १८९३ मध्ये लंडनच्या ब्रिटन्स कंपनीने पोकळ ओतकामाचे शिशाचे शिपाई स्वस्तात काढले आणि १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या नामवंत कादंबरीकाराने अशाच शिपायांच्या लढाईचे नियम ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात लिहिले. खेळण्यातल्या तोफेतून इंचभर लाकडी गोळे उडवून ते शत्रूचे शिपाई पाडीत असत. १९७९ मध्ये इंग्लंडात सिटाडेल ही कंपनी निघाली, १९८३ मध्ये ‘वॉरहॅमर’ हा खेळ आणि १९८७ मध्ये त्याचीच दूर भविष्यकाळातली आवृत्ती आली; तेव्हापासून या शिपायांना रंगवणे हा खेळाइतकाच, किंबहुना पुष्कळांच्या लेखी खेळापेक्षा मोठा व्यवसाय होऊन बसला आहे. त्या भविष्यातल्या शिपायांच्या डाव्या खांद्यावर त्यांच्या पंथाची खूण असते, कुणाचा पंख फुटलेला रक्ताचा थेंब, कुणाचा उलटा ओमेगा; आणि उजव्या खांद्यावर तुकडीची. खांदा हरभऱ्याएवढा. खूण चुकली तर शिपाई परका.

ही खूण शिपायावर आणायचे दोन मार्ग आहेत. पहिला चिकटवण्याचा. छापील खुणांचा कागद मिळतो. हवी ती खूण कातरून पाण्यात भिजवली की तिचा पातळ पापुद्रा कागदावरून सुटतो, तो चिमट्याने जागेवर सरकवायचा. याला ट्रान्सफर म्हणतात. दुसरा मार्ग कुंचल्याने हातानेच काढण्याचा. शाळेत चित्रकलेच्या तासाला आपण ‘मुक्तहस्त’ हा शब्द ऐकलेला असतो, तोच हा प्रकार. पट्टी नाही, छाप नाही, खोडरबर तर नाहीच.

माझे मत सरळ सांगून टाकतो : खूण हाताने काढावी. ट्रान्सफर वाईट म्हणून नव्हे. हाताने काढताना जे घडते ते दुसऱ्या कोणत्याही मार्गाने घडत नाही, म्हणून.

आता काय घडते ते पाहा. नवशिक्याला वाटते, बारीक काम म्हणजे बारीकात बारीक कुंचला. मीही बाजारातून तीन केसांचा म्हणावा असा कुंचला आणला होता. तो रंगात बुडवावा आणि शिपायापर्यंत नेईतो रंग टोकावरच वाळून जावा! खरे पाहता लागतो तो बऱ्यापैकी जाड पोटाचा, पण टोक सुईसारखे राहणारा कुंचला. रंग पोटात साठतो, रेघ टोकातून उतरते. रंग पाण्याने दुधाइतका पातळ करावा लागतो. जास्त पातळ झाला तर तो खाचेत पळतो, घट्ट राहिला तर रेघ अडखळते. हे प्रमाण पुस्तकात वाचून येत नाही. अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढून पाहायची आणि मग ढालीकडे वळायचे. माझे नख त्या तीन आठवड्यांत कायम लाल-पिवळे असे, आणि आमच्या आईला ते नेलपॉलिश वाटून घरात जे बोलणे झाले ते इथे देत नाही.

मग हात. शिपाई बाटलीच्या बुचावर चिकटवून डाव्या हातात धरायचा, उजव्या हाताचे मनगट डाव्या मनगटाला टेकवायचे आणि दोन्ही कोपरे टेबलावर. म्हणजे हात हलले तर दोन्ही बरोबर हलतात, शिपाई आणि कुंचला यांच्यातले अंतर तेवढेच राहते. रेघ स्वतःच्या दिशेने ओढावी. श्वास सोडून झाल्यावर जी क्षणाची स्तब्धता असते तेवढ्यात ती ओढून व्हावी. खुणेची सुरुवात रेघांनी न करता टिंबांनी करायची : वर्तुळ असेल तर आधी वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशी चार टिंबे, मग त्यांच्यामध्ये आणखी चार, मग ती जोडायची. आपल्याकडे रांगोळी काढणाऱ्या कोणत्याही काकूला ही युक्ती नव्याने सांगावी लागणार नाही. ही टिंबे तळच्या रंगाहून किंचितच उजळ रंगात द्यायची, म्हणजे चुकले तरी डोळ्यात खुपत नाही. आणि चुकतेच. मग तळचा रंग घेऊन चूक बाहेरून आत कापत आणायची. चांगली रेघ ही पुष्कळदा ओढलेली नसते, दोन्ही बाजूंनी कोरलेली असते. हे कळले त्या रात्री मला झोप लागली नाही. अतिशयोक्ती वाटेल, पण खरे आहे.

ट्रान्सफरच्या बाजूने जे बोलले जाते ते मी टाळणार नाही. साठ शिपायांची पलटण उभी करायची असेल तर साठ खुणा हाताने काढायला वर्ष जाईल, आणि तोवर ज्याच्याशी खेळायचे तो मित्र नोकरीला लागून परगावी गेलेला असेल. ज्याची नजर अधू आहे किंवा ज्याचा हात कापतो त्याने काय करावे? त्याने खुशाल चिकटवावे. त्यातही कसब आहे. सपाट छाप गोल खांद्यावर बसवताना सुरकुत्या पडतात, त्या मऊ करायला वेगळे द्रावण लागते. पापुद्र्याखाली हवा राहिली तर खुणेभोवती चंदेरी डाग दिसतो, म्हणून आधी चकचकीत व्हार्निशचा हात द्यावा लागतो. शिवाय एक मुद्दा खरोखर बिनतोड आहे : प्रत्यक्ष युद्धातल्या रणगाड्यांवरचे आकडे तरी कुठे कुणी प्रेमाने हाताने रेखले होते? तेही साच्यातून फासलेले असत. तेव्हा रणगाड्याचा क्रमांक मीही चिकटवतो. पण ढाल आणि निशाण यांच्या बाबतीत मी हटवादी आहे.

आता ‘चिन्ह पुस्तकातून आले’ या आक्षेपाकडे येतो. माझ्या शिपायांच्या ढालींवरची नक्षी कुठून आली? ‘नोटिशिया डिग्निटाटम’ नावाची रोमन साम्राज्याची एक यादी आहे, इ. स. ४०० च्या आसपासची. कोणते अधिकारी, त्यांच्या हाताखाली कोणती पथके, आणि पथकांच्या ढालींची रंगीत चित्रे. गोल ढाल, तीत वर्तुळे, तारे, प्राणी. एका ढालीवर तर चिनी यिन-यांगशी हुबेहूब जुळणारी आकृती आहे. उत्तरकालीन रोमन सैन्य रंगवणारा खेळाडू या यादीकडे गेल्यावाचून राहत नाही. पण ती मूळ यादी आज कुणीच पाहिलेली नाही! जर्मनीत स्पायरच्या कॅथीड्रलमध्ये तिची एक जुनी पोथी होती, तीही पुढे हरवली. उरल्या आहेत त्या पोथीवरून केलेल्या नकला. एक १४३६ सालची, ती ऑक्सफर्डला आहे. एक सोळाव्या शतकातली, ती म्यूनिकला आहे. आणखीही आहेत. आणि या नकलांत एकाच ढालीचे रंग जागोजागी वेगळे आहेत. कुठल्याशा थंड खोलीत बसलेल्या कुणा लेखनिकाने आपल्या समोरची ढाल हाताने उतरवली, आणि त्याने जो रंग भरला तो आज आपला पुरावा झाला.

छापील ट्रान्सफरच्या कागदावर यातला कोणता तरी एक रंग कंपनीने निवडून दिलेला असतो. निवड झाली आहे हे चिकटवणाऱ्याच्या ध्यानीही येत नाही. हाताने काढणाऱ्याला मात्र कुंचला कोणत्या रंगात बुडवायचा हे ठरवावेच लागते, आणि ठरवायचे तर दोन्ही नकला शेजारी ठेवून पाहाव्या लागतात. मी इतिहासाचा विद्यार्थी आहे. साधनांची चिकित्सा म्हणजे काय हे मला वर्गात दोन सत्रे शिकवले गेले, मी टिपणे काढली, परीक्षेत उत्तर लिहिले, गुणही बरे मिळाले. पण ती मला कळली ती पिवळा की तांबडा या प्रश्नापाशी कुंचला अडला तेव्हा. आमच्या सरांनी हे वाचून वाईट वाटून घेऊ नये.

मूळ कल्पना आपली नसली की काम आपले नाही, ही समजूत आपल्याकडे कुठून आली कोण जाणे. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घ्या. गोल पाने, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पाने : राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. एकूण १२०. मत्स्याच्या रंगात एक्क्यावर एक मासा, दुरीवर दोन, दश्शीवर दहा. बेरीज केली तर एका रंगात ५५ मासे, आणि सगळ्या गंजिफेत राजे-प्रधान सोडून ५५० खुणा, सगळ्या हाताने. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही विझत चाललेली कला राजवाड्यात चित्रकार बसवून जगवली. तिथल्या चित्रकाराने मत्स्यावतार कल्पिला नाही, मासा कसा काढायचा हेही त्याला परंपरेने दिले. म्हणून त्याला कुणी “यात तुमचे काय” असे विचारील काय? खेळाचेच साहित्य तेही, आणि आकाराने तळहातात मावणारेच. दश्शीवरचे दहा मासे एकेक करून पाहा. दहाही मासे तेच आहेत आणि एकही दुसऱ्यासारखा नाही. छापलेल्या पत्त्यावर चौकटची दश्शी पाहा, तिथे दहा चौकट नसतात, एकच चौकट दहा वेळा असते. हा फरक ज्याला दिसत नाही त्याला मी तो शब्दांनी दाखवू शकणार नाही.

आता जरा अवघड विषय.

दुसऱ्या महायुद्धाच्या खेळासाठी माझ्या एका मित्राला जर्मन तुकडी हवी होती आणि रंगवणारा मी. जर्मन सैन्य आपली वाहने स्वतःच्याच विमानांना ओळखू यावीत म्हणून त्यांच्या टपावर निशाण पसरून बांधत असे : तांबडे कापड, मध्ये पांढरे वर्तुळ, त्यात काळे स्वस्तिक. तसे निशाण एका ट्रकवर काढायचे होते. हे चिन्ह ट्रान्सफरमध्ये सहसा धड मिळत नाही. जर्मनीच्या दंडसंहितेच्या कलम ८६ अ नुसार त्याच्या प्रदर्शनाला बंदी आहे, म्हणून प्रतिकृतींचे कारखानदार ते एकतर वगळतात, नाहीतर दोन अर्ध्या तुकड्यांत छापतात आणि जोडायचे की नाही हे गिऱ्हाइकावर सोडतात. किती सोयीची युक्ती! अर्धे पाप कारखान्याचे, अर्धे तुमचे.

मी ते हाताने काढायला बसलो. टिंबे दिली, फुली काढली, भुजा वळवल्या. आणि हात आपसूक चार घरांत चार टिंबे द्यायला गेला. लक्ष्मीपूजनाला चौरंगापुढे, नव्या वहीच्या पहिल्या पानावर, उंबऱ्यावर कुंकवाने, असे किती वेळा हे चिन्ह या हाताने काढले आहे! हाताला तेवढेच ठाऊक. मी कुंचला खाली ठेवला. मग पुन्हा पाहिले : हे पंचेचाळीस अंशांत कललेले आहे, टिंबे नाहीत, काळे आहे. फिनलंडच्या हवाई दलाच्या विमानांवर १९१८ पासून १९४५ पर्यंत निळे स्वस्तिक होते, त्याचा उगम आणखी निराळा. आकृती एकच, पण या कलण्याखाली आणि या काळ्या रंगाखाली साठ लाख ज्यूंची कत्तल झाली. हे मला आधी माहीत नव्हते असे नाही. पण आठ मिलिमीटरच्या कापडावर ते स्वतः काढताना, आपला हात कोणत्या सवयीतून काय काढतो आहे, याची जी लाज आणि जी जाग एकदम आली ती नुसत्या माहितीने आलेली नव्हती.

यावर आमच्या खेळगड्यांत पुष्कळ वाद झाला. बहुतेकांचे म्हणणे, ते चिन्हच गाळावे, ट्रक तसाच राहू द्यावा, खेळ म्हणजे खेळ. मला ते पटत नाही. गणवेश बरहुकूम, बूट बरहुकूम, बटणे मोजून, आणि तेवढे एक चिन्ह नाही, अशी जर्मन तुकडी म्हणजे धुऊन पुसून स्वच्छ केलेली तुकडी. मग ती टेबलावर इतर सैन्यांसारखेच एक शूर सैन्य होऊन मिरवते. खेळायचेच तर ते सैन्य काय होते हे त्याच्या अंगावर असू द्या, नाहीतर ते सैन्य मांडू नका. आणि निशाण काढायचेच तर हाताने काढा, म्हणजे काढणाऱ्याला मध्ये थांबावे लागेल. अर्थात हे मत मी भारतात बसून देतो आहे. जर्मनीत ज्यांच्या आज्या-पणज्यांच्या घरांतून माणसे नेली गेली, त्यांनी हे चिन्ह टेबलावरही नको म्हटले तर त्यांच्याशी वाद घालण्याचा अधिकार मला नाही. कल्पित सैन्यांनाही हा प्रश्न सुटलेला नाही. त्या ‘वॉरहॅमर’मधल्या भविष्यातल्या साम्राज्याची क्रूर निशाणे खरीच पूज्य मानणारे लोक निघाले, आणि हे साम्राज्य आदर्श नसून उपहास आहे, असा जाहीर खुलासा २०२१ मध्ये कंपनीला करावा लागला. खूण ही अशी असते. ती कुणाच्या अंगावर चढवायची आणि कुणी, हे खेळातही ठरवावे लागते.

तो ट्रक माझ्या मित्राने नेला नाही. तो माझ्याकडेच आहे, निशाणासह, एका डब्यात.

त्या प्रदर्शनाचे सांगायचे राहिले. माझ्या सहा रोमन शिपायांपैकी तिघांच्या ढाली मी ऑक्सफर्डच्या नकलेप्रमाणे रंगवल्या होत्या आणि तिघांच्या म्यूनिकच्या. दोन दिवसांत ते कुणाच्याही लक्षात आले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, दिवे मालवायच्या थोडे आधी, सातवी-आठवीतला एक मुलगा टेबलाला नाक लावून बराच वेळ उभा होता. मग त्याने विचारले, “दादा, हे तीन आणि हे तीन एकाच सैन्यातले ना? मग यातले खरे कोणते?”

मी त्याला पोथी हरवल्याची हकीकत सांगितली. त्याने ती ऐकून घेतली, पुन्हा एकदा सहाही ढाली पाहिल्या, आणि म्हणाला, “पण या तिसऱ्याचा गोल थोडा वाकडा झालाय.”

झाला होता खरा.